कपाटातले राजे-राण्या : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की राज्यारोहणाची २५, ५०, ६० वर्षं झाली (म्हणजे सिल्व्हर, गोल्डन, डायमंड ज्युबिली) म्हणून बनवलेल्या वस्तू, चहाचे मग, ताटल्या, पदकं, पेट्या असं काही घरात असेल तर प्रश्न पाठवा. इतके आले की निम्मे बाजूला ठेवावे लागले. सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न अर्थातच "याचे किती येतील?" हाच आहे. उत्तरं देताना तो टाळलेला नाही, पण फार लाडही केलेले नाहीत.

प्रश्न : आजीच्या कपाटात एक चॉकलेटी-हिरवट रंगाचा जड दगडी वाटावा असा पाण्याचा जग सापडला. दोन्ही बाजूंना राणी व्हिक्टोरियाचं तोंड, एकीकडे तरुण, एकीकडे म्हातारी. खाली १८३७ आणि १८९७. ऑनलाइन कुणीतरी लाखोंची किंमत सांगितली. खरं आहे का? (एक वाचक, पुणे)

लाखांचं डोक्यातून काढून टाका, सॉरी. वस्तू मात्र मस्त आहे. तळाशी छाप नीट बघा, बहुतेक डूल्टन लॅम्बेथ असं कोरलेलं सापडेल. लंडनच्या लॅम्बेथ भागातला हा कारखाना, आणि १८९७ च्या डायमंड ज्युबिलीसाठी त्यांनी असे जग भरपूर काढले होते. छापात 'रॉयल' शब्द नसेल तर घाबरू नका, उलट बरंच आहे, कारण तो मान कंपनीला १९०१ मध्ये मिळाला, म्हणजे १८९७ च्या मालावर तो नसणंच बरोबर.

दगडासारखा वाटतो म्हणालात ते अगदी बरोबर. ही साधी चिनी माती नाही, स्टोनवेअर आहे, खूप जास्त आचेवर भाजलेलं. आणि त्यावरची चकाकी म्हणाल तर गंमत अशी की भट्टी पूर्ण तापली की त्यात मीठ टाकायचे, साधं खायचं मीठ, त्याची वाफ होऊन त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाला धरतं आणि भांड्यावर काचेसारखा पातळ थर बसतो. हात फिरवलात तर पृष्ठभाग किंचित रवाळ लागेल, संत्र्याच्या सालीसारखा, ती याची खूण. चेहरे वेगळे साच्यातून काढून ओल्या भांड्यावर चिकटवलेले असतात, म्हणून ते उठून दिसतात.

राणीची दोन तोंडं का, तर तेच सांगायचं होतं ना, साठ वर्षं. तोपर्यंत ब्रिटनच्या गादीवर एवढा काळ कुणी बसलंच नव्हतं. तिचा आजोबा तिसरा जॉर्ज जवळपास पोचला होता, त्याच्या राज्याचं पन्नासावं वर्ष लागलं तेव्हा म्हणजे १८०९ ला सुद्धा मग-ताटल्या निघाल्या, पण थोड्या. व्हिक्टोरियाच्या वेळेपर्यंत रेल्वे होती, छापील चित्र भांड्यावर उतरवायचं तंत्र स्वस्त झालं होतं, आणि गिरण्यांत कामाला जाणारा माणूससुद्धा चार पैसे टाकून राणी घरी नेऊ शकत होता. म्हणून माल ढिगाने निघाला, आणि म्हणूनच आज लाख येत नाहीत. लोकांनी आठवण म्हणून जपून ठेवायलाच घेतलेली वस्तू, ती टिकणारच.

पण तुम्ही पुण्याचे आहात म्हणून एक सांगतो. २२ जून १८९७ ला लंडनमध्ये ज्युबिलीची मिरवणूक निघाली, आणि त्याच रात्री गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर (आताचं विद्यापीठ) ज्युबिलीचा समारंभ आटपून परत येताना प्लेग कमिशनर रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागच्या जागी गेला, रँड ३ जुलैला. म्हणजे तुमच्या पाण्याच्या जगावर जे साल आहे ते पुण्यात वेगळ्याच कारणाने लक्षात राहिलंय. हा जग आजीकडे आला कुठून, कुणी दिला, कुणाकडे नोकरी होती, एवढं घरातल्या थोरांना विचारून एका कागदावर लिहून जगाच्या आत ठेवून द्या. विकायचा असला तरी नसला तरी.

प्रश्न : आमच्याकडे आठव्या एडवर्डचा मग आहे, राज्याभिषेक मे १९३७ असं लिहिलेला. हा राजा तर राज्याभिषेकाआधीच पायउतार झाला. म्हणजे हा मग 'चुकीचा' आहे आणि म्हणून अतिदुर्मिळ, बरोबर ना? (एक वाचक, ठाणे)

नाही, आणि ही समजूत इतकी पसरलेली आहे की दर वेळी कुणीतरी विचारतंच. एडवर्ड जानेवारी १९३६ मध्ये राजा झाला, राज्याभिषेकाची तारीख १२ मे १९३७ ठरली, आणि इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरचे कुंभार-कारखाने लगेच कामाला लागले कारण एवढा माल काढायला महिनेच्या महिने लागतात. डिसेंबर १९३६ ला त्याने गादी सोडली तोवर गोदामं भरली होती. तो माल फोडून टाकला नाही, विकला, आणि लोकांनी "हा तर गंमतीचा" म्हणून अजूनच घेतला. नंतर गादीवर आला धाकटा भाऊ सहावा जॉर्ज, त्याचा अभिषेक त्याच तारखेला उरकला, कारण तयारी झालेलीच होती.

एक अपवाद मात्र बघून घ्या. तुमच्या मगवर निळ्या-पिवळ्या आतषबाजीचं चित्र आहे का आणि खाली वेजवुड या इंग्लिश कारखान्याचा छाप? ते एरिक रॅव्हिलियस या चित्रकाराचं डिझाइन. तेच डिझाइन थोडे बदल करून १९३७ ला जॉर्जसाठी वापरलं आणि १९५३ ला एलिझाबेथसाठी परत, तेव्हा रॅव्हिलियस हयात नव्हता, तो १९४२ मध्ये युद्धात आइसलँडजवळ विमानासकट बेपत्ता झाला. त्या मगला खरंच मागणी आहे, पण राजाच्या नावामुळे नाही, चित्रकाराच्या नावामुळे.

प्रश्न : आमचे पणजोबा निजामाच्या महसूल खात्यात होते. घरात एक काळी पेटी आहे, त्यावर चांदीची फुलंपानं, झाकणावर उर्दूत काहीतरी आणि बहुतेक तारीख. वडील म्हणायचे की ज्युबिलीच्या वेळची. आता ही काय वस्तू आहे आणि निजामाच्या ज्युबिलीच्या अशा वस्तू कुठे बघायला मिळतात? (एक वाचक, परभणी)

या प्रश्नाने आम्ही खूश झालो, कारण मराठवाड्यातून अशा वस्तू निघतात आणि बरेचदा भंगारात जातात.

आधी पेटी. वर्णनावरून बिदरी काम दिसतंय. बिदर तेव्हा निजामाच्याच राज्यात. यात धातू असतो मुख्यतः जस्त, थोडं तांबं. ओतीव वस्तू घासून गुळगुळीत करतात, छिन्नीने नक्षी खोदतात आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. इथपर्यंत सगळं राखाडी दिसतं, काही मजा नाही. मग बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांचा लेप, वस्तू जरा गरम करून त्यावर चोळायचा, की जस्त कोळशासारखं काळं होतं आणि चांदी होती तशी पांढरी राहते. माती किल्ल्यातलीच लागते असं तिथले कारागीर आजही सांगतात.

आता ज्युबिली. सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९११ ला गादीवर आला, २५ वर्षं १९३६ ला भरली, मुख्य सोहळा झाला फेब्रुवारी १९३७ मध्ये. जगातला सर्वात श्रीमंत माणूस म्हणून त्याचं नाव तेव्हा गाजत होतं आणि अमेरिकेच्या टाइम मासिकाने त्याच महिन्यात त्याला कव्हरवर घेतलं. सोहळ्यात मानपत्रांचा पाऊस. मानपत्र म्हणजे नुसता कागद देत नसत, त्यासाठी पेटी किंवा नळकांडं बनवायचे, चांदीचं, बिदरी, हस्तिदंती, जशी देणाऱ्याची ऐपत. तुमची पेटी लांबट असेल, आत गुंडाळी मावेल अशी, तर ती मानपत्राची असू शकते. चौकोनी बसकी असेल तर पानदान किंवा अत्तराची. उर्दू मजकुराचा सरळ फोटो काढून वाचता येणाऱ्याला दाखवा, त्यात साल हिजरी असेल तर १३५५ च्या आसपास आहे का बघा, कारण १९३६-३७ चा हिजरी आकडा तोच येतो. साल जुळलं नाही तर पेटी बिदरीच राहील पण ज्युबिलीची गोष्ट गळून पडेल, आणि तेही होतं बऱ्याचदा, घरात सांगितलेली प्रत्येक तारीख खरी नसते.

बघायला कुठे जायचं तर हैदराबादला पुरानी हवेली, तिथे निजामाचं म्युझियम आहे आणि त्यातला बराच भाग याच सिल्व्हर ज्युबिलीच्या नजराण्यांचा. सोहळ्यात वापरलेलं लाकडी, सोन्याचा मुलामा दिलेलं सिंहासन, चांदीमध्ये केलेल्या इमारतींच्या प्रतिकृती, अत्तरदाण्या. शिवाय याच म्युझियममध्ये सहाव्या निजामाचं लांबच लांब सागवानी कपाट आहे, ते ज्युबिलीचं नाही पण चुकवू नका. आणि तो फेमस डबा! हिरे, माणकं, पाचू लावलेला सोन्याचा तीन मजली डबा, सप्टेंबर २०१८ मध्ये रात्री झरोक्यातून उतरून चोरांनी तो आणि सोन्याची कपबशी-चमचा पळवला. आठवडाभरात दोघं सापडले, मधल्या काळात मुंबईच्या मोठ्या हॉटेलात राहून आले होते आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे त्यातला एक जण रोज त्या डब्यातूनच जेवत होता. निजाम स्वतः त्यात कधी जेवला का, तर असल्या नजराण्याच्या वस्तू वापरायला नसतातच, स्वीकारायच्या आणि ठेवून द्यायच्या. त्यामुळे चोराने निदान डब्याचा डबा म्हणून उपयोग केला असं म्हणायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र परभणीकरांना वेगळी सांगायला नको. १९३७ ला एवढा थाट आणि सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपलं, मधे जेमतेम ११ वर्षं. त्यामुळे अनेक घरांनी अशा वस्तू नंतर मुद्दाम मागे टाकल्या, झाकून ठेवल्या, वितळवल्या. तुमच्या घरात राहिली हेच नवल समजा.

प्रश्न : बडोद्याच्या सयाजीरावांच्या हीरक महोत्सवाचं पदक आहे. खरं की नकली कसं ओळखायचं? (एक वाचक, नाशिक)

फोटोवरून खात्री देत नाही, पण तीन गोष्टी बघा. कडा: ठशाखाली दाबून काढलेल्या पदकाची अक्षरं धारदार असतात, ओतून काढलेल्या नकलेत ती मऊ, फुगीर आणि मधेमधे बारीक छिद्रं. वजन: नकली बहुतेक वेळा हलकं. आणि कडी-रिबीन बदललेली असेल तर हरकत नाही, रिबीन ९० वर्षं कुठे टिकते.

नाशिककरांना माहीतच असेल, महाराज मूळचे तुमच्याच जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव, १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसले. १९३६ ला साठ वर्षांचा सोहळा झाला तेव्हा पदकं, समारंभ सगळं झालं, पण त्यातली ठळक गोष्ट म्हणजे एक कोटी रुपयांचा ट्रस्ट, गावांतल्या गरीब लोकांची परिस्थिती सुधारावी म्हणून. ज्युबिली करावी तर अशी, असं आमचं स्पष्ट मत. पदक ठेवा, विकू नका, फार येत नाहीत.

प्रश्न : इन्स्टावर रशियाच्या झारचं एक अंडं बघितलं, आत फिरणारी पृथ्वी. हे खरं आहे की एआयने बनवलेलं? (एक वाचक, कोल्हापूर, इयत्ता ११ वी)

खरं आहे! आणि तुझ्या शंकेचं कौतुक, कारण बघितल्यावर कुणालाही खोटंच वाटेल. रोमानोव्ह घराण्याला १६१३ ते १९१३ अशी ३०० वर्षं झाली म्हणून फॅबर्जे या जवाहिऱ्याच्या कारखान्यात हे बनलं आणि झार दुसऱ्या निकोलसने त्या वर्षीच्या ईस्टरला राणी अलेक्झांड्राला दिलं. बाहेरून सोनं, पांढरा मीना, दोन डोक्यांचे गरुड, आणि घराण्यातल्या १८ राज्यकर्त्यांची इवलीइवली चित्रं, हस्तिदंतावर रंगवलेली, प्रत्येकाला हिऱ्यांची चौकट. चित्रकार वासिली झुयेव्ह. आत पोलादाचा गोल, त्याच्या एका अर्ध्यावर १६१३ चा रशिया आणि दुसऱ्यावर १९१३ चा, जमीन सोन्याची आणि समुद्र निळसर केलेल्या पोलादाचा. गोल फिरवला की केवढा होतो आणि केवढा झालो हे एका नजरेत कळावं ही आयडिया. मॉस्कोला क्रेमलिनच्या शस्त्रागार म्युझियममध्ये आहे.

याच्या दोन वर्षं आधीचं, १९११ चं अजून एक अंडं आहे, ते निकोलसच्या राज्याभिषेकाच्या १५ व्या वर्धापनदिनाचं. त्यावर राजा, राणी, पाचही मुलं यांची चित्रं आणि शिवाय त्या काळातले मोठे प्रसंग. ते सेंट पीटर्सबर्गच्या फॅबर्जे म्युझियममध्ये. मला स्वतःला हेच जास्त आवडतं, जगाचा नकाशा वगैरे बढाई नाही, फॅमिली अल्बम आहे सरळ. पण अल्बममध्ये काय घातलं नाही तेही बघ. राज्याभिषेकाच्या दिवसांत १८९६ ला मॉस्कोच्या खोडिन्का मैदानावर लोकांना फुकट भेटवस्तू वाटायच्या होत्या, त्यात एक रंगीत एनॅमलचा पेला, राजाराणीची आद्याक्षरं आणि साल घातलेला. माल संपतोय अशी आवई उठली आणि चेंगराचेंगरीत १,३०० हून जास्त माणसं मेली. ते पेले आजही लिलावात येतात, रशियात त्यांना 'दुःखाचे पेले' म्हणतात. पत्र्याचा साधा पेला, पण अंड्यापेक्षा जास्त सांगतो त्या राजवटीबद्दल.

प्रश्न : अशा वस्तू स्वच्छ कशा करायच्या? आई पितांबरी म्हणते, मी टूथपेस्ट म्हणते. (एक वाचक, सांगली)

दोघी थांबा. पितांबरी तांब्या-पितळेच्या रोजच्या भांड्यांना ठीक, पण पदक, मुलामा दिलेली वस्तू, एनॅमल यांना कुठलीच पावडर नको, टूथपेस्ट तर नकोच, त्यात बारीक खरखरीत कण असतात आणि ते ठशातली अक्षरं हळूहळू खाऊन टाकतात. रांगोळीनं चांदी घासणाऱ्यांना तर हात जोडून विनंती. चांदी काळवंडली असेल तर मऊ सुती कापड, तेवढंच. बिदरीला चिंच-लिंबू लावलंत तर काळा रंग जाईल आणि मग राखाडी पेटी घेऊन आमच्याकडे याल. तिला वर्षाकाठी थोडं खोबरेल तेल कापडावर घेऊन पुसा. सोनेरी कडेचे मग मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, ठिणग्या उडतात, डिशवॉशरमध्येही नको, सोनं धुऊन जातं. आणि उचलताना कानाला धरून उचलू नका, जुना सांधा तिथेच सुटतो.

प्रश्न : मामेबहिणीने लंडनहून राणी एलिझाबेथच्या प्लॅटिनम ज्युबिलीचा (७० वर्षं) सेट पाठवलाय. पन्नास वर्षांनी माझ्या नातवंडांना पैसे मिळतील का? (एक वाचक, डोंबिवली)

१९७७ च्या सिल्व्हर ज्युबिलीत लोकांनी हाच विचार करून न वापरता बॉक्समध्ये ठेवलेले मग आज इंग्लंडच्या चॅरिटी दुकानांत चिल्लर भावात पडून असतात. २०२२ ला तर एका चिनी कारखान्याकडून ज्युबिलीऐवजी 'जबली' असं छापून आलेली दहा हजारांवर कपबश्या, मग, ताटल्या निघाली आणि एका घाऊक व्यापाऱ्याने ती चेष्टेखातर विकली. तुमच्या सेटवर स्पेलिंग बघून घ्या, नशीब असेल तर तेवढंच. नाहीतर चहा प्या त्यात, कडेच्या सोन्याची काळजी घेऊन.

प्रश्न : १८८७ च्या गोल्डन ज्युबिलीची चांदीची पेटी आहे, तळाला ओ.एम. भुज असा शिक्का. मुलगा अमेरिकेत आहे, त्याच्याकडे नेता येईल का? (एक वाचक, मुंबई)

अरे वा, ही सांभाळा. ओ.एम. म्हणजे कच्छचे उमरसी मावजी, त्या काळातले फार नावाजलेले चांदीकाम करणारे. भारतीय चांदीवर बहुतेकदा छापच नसतो, त्यामुळे असा शिक्का सापडणं मोठी गोष्ट, पण म्हणूनच नकली शिक्केही मारले जातात, तेव्हा एकदा जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा. कारागिरी खऱ्या शिक्क्याला शोभेशी आहे का, पानाफुलांच्या, प्राण्यांच्या बारकाव्यांत हात थरथरलाय का, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. अशी ज्युबिलीची भारतीय चांदी, हस्तिदंत, लाकूडकाम एकत्र बघायचं असेल आणि मुलाकडे जाताना लंडनला थांबणार असाल तर आइल ऑफ वाइटवरचं ऑस्बोर्न हाउस गाठा. तिथली दरबार रूम लाहोरच्या भाई राम सिंग यांनी केलेली आहे आणि राणीला हिंदुस्थानातून आलेले दोन्ही ज्युबिल्यांचे नजराणे तिथे मांडलेत.

आता न्यायचं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू धरली जाते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. पेटीवर १८८७ लिहिलेलं असेल तर वय लपवायचा प्रश्नच नाही, ती इथेच राहणार. शिवाय विकायची झाली तरी घेणारा व्यापारी पुरावस्तूंचा परवाना असलेला हवा. पेटीवर साल नसेल आणि ती नंतरची असण्याची शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे वस्तू दाखवून ती पुरावस्तू नसल्याचं सर्टिफिकेट मागता येतं, पण हे तिकीट काढायच्या आधी करा. एअरपोर्टवर कस्टमवाल्यांसमोर बॅग उघडल्यावर "आमच्या पणजीची आहे हो" हे चालत नाही.